वाट दाखवणारं माणूस द्या

मा. जिल्हाधिकारी, पुणे जिल्हा, यांस,



गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही पाचजण ताम्हिणीला गेलो होतो. माझे वडील, ज्यांना घरात सगळेच अण्णा म्हणतात, मी, माझा नवरा आणि दोन मुलं. थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊचा. सकाळी मुळशी धरणाच्या काठावर गळ टाकून बसायचं, दुपारी जंगलात चालायचं आणि दिवस मावळायच्या आत घाट सोडायचा, एवढाच बेत होता. त्या दिवसाबद्दल मला आपल्याला लिहायचं आहे, कारण आपल्याकडे एक मागणं आहे. ते माझ्या एकटीच्या घरापुरतं नाही, म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे.

मी मूळची मुळशीची. आता कोथरूडला राहते, पण माहेर धरणाच्या काठावरचं. आमची खरी शेती पाण्याखाली आहे. १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्याबरोबर मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले, त्यांत आमच्या भावकीतलेही होते असं घरात सांगतात. सत्याग्रह हरला, धरण झालं. १९२७ पासून मुळेचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला भिऱ्याला उतरतं, वीज करतं आणि कुंडलिकेला मिळतं. मे महिन्यात पाणी ओसरलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात. अण्णा लहानपणी त्या जोत्यांवर बसून गळ टाकायचे. मुलांना ती जागा दाखवायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

नोव्हेंबरात जोती कुठली दिसायला? तळं काठोकाठ भरलेलं होतं. मामांच्या शेताचा शेवटचा बांध जिथे पाण्याला टेकतो तिथे आम्ही बसलो. भात कापून झालेलं होतं, खाचरात पेंढ्या उभ्या होत्या. अण्णांनी कळकाच्या दोन काठ्या आणल्या होत्या, त्यांना तंगूस बांधलेला, मध्ये मोरपिसाच्या देठाचा एक तुकडा. मासा लागला की तो देठ आधी थरथरतो, मग आडवा होतो आणि मग एकदम बुडतो. थरथरला की ओढायचं नाही, आडवा झाला तरी ओढायचं नाही. हे धाकट्याला सांगून समजेना. चार वेळा त्याने घाई केली आणि चारही वेळा रिकामा गळ वर आला, गांडूळ कुरतडलेलं. पाचव्या वेळी अण्णांनी त्याच्या मनगटावर नुसतं बोट ठेवलं. देठ थरथरला, आडवा झाला, बोट तसंच. देठ बुडाला आणि बोट उचललं गेलं.

तळहाताएवढा मासा होता. करडा, अंगावर पुसट पट्टे, पाठीवरचा पर ताठ काट्यांचा. हात आधी पाण्यात भिजव, मग धर, असं अण्णा ओरडेपर्यंत पोराच्या अंगठ्यात काटा गेलाही होता. तो रडला नाही. "आजोबा, हा कुठला?" अण्णांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा थोडा उतरला. चिलापी होती.

चिलापी मूळची आफ्रिकेची. १९५२ साली ती आपल्या देशात आणली गेली, आणि आता तळ्यांमध्ये गळाला पहिली लागते ती तीच. पिल्लं तोंडात धरून वाढवते, त्यामुळे तिचा वंश हटत नाही. त्या सकाळी आम्हाला सात मासे मिळाले, सातही चिलापी. रात्री तांदळाच्या पिठात घोळवून तळले, मुलांनी आवडीने खाल्ले. पण बांधावर बसल्या बसल्या थोरलीने विचारलं, "तुमच्या वेळी कुठले मासे लागायचे?" आणि अण्णा बोटं मोडत नावं घेऊ लागले. खवली, शिंगटी, मळ्या, मुरंगी, वाम, मरळ. आणि पावसाळा सरताना, नशीब असेल तर, खडशी, म्हणजे महाशीर.

ही नावं ऐकताना मला कॉलेजात वाचलेली एक गोष्ट आठवली आणि ती मी मुलांना तिथेच सांगितली. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनची मोजदाद करत इकडे हिंडत होता. इथल्या माशांचं त्याने केलेलं वर्णन लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १८३९ साली छापलं. माशांना नावं देताना त्याने लॅटिनमध्ये डोकं खाजवलं नाही, नदीवरच्या माणसांना विचारलं. म्हणून आज जगभरच्या पुस्तकांत आपल्या मुळा-मुठेतल्या महाशीराचं शास्त्रीय नाव आहे खुद्री, दगडाला चिकटणाऱ्या माशाचं मुल्या, आणि आणखी काहींची कोलुस, नुक्ता, बोगुट, सिंगटी. इथल्या कोळ्या-कातकऱ्यांच्या तोंडचे शब्द आहेत ते. अण्णांनी हे कधीच ऐकलेलं नव्हतं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे विचारून लिहिलं होतं त्याने."

साहेब, माझं मागणं ह्या विचारण्याबद्दलच आहे.

दुपारी आम्ही निव्याच्या फाट्यावरून पिंपरी गावाकडे वळलो आणि अंधारबनाच्या वाटेला लागलो. ही वाट पुढे हिरडीवरून थेट भिऱ्याला उतरते, पण मुलांना आणि अण्णांना ती पुरी झेपणारी नव्हती. अर्ध्यातून मागे फिरायचं असं ठरवूनच निघालो. बरोबर गावातल्या एक मावशी होत्या. वय साठीच्या आसपास असेल, पायात साधी रबरी चप्पल, आणि माझ्या महागाच्या बुटांपेक्षा त्या चपलेचा पाय दगडावर घट्ट बसत होता. त्यांनी मुलांना अंजनीचं झाड दाखवलं, शेकरूचं घरटं दाखवलं, गेळ्याचं फळ हातात दिलं आणि सांगितलं की हे ठेचून डोहात टाकलं तर मासे गुंगतात, "पण आता कोणी टाकत नाही, आता टीसीएल टाकतात." ब्लिचिंग पावडरला आमच्याकडे टीसीएल म्हणतात. गेळ्याने मासा गुंगायचा. उचलला नाही तर थोड्या वेळाने सावध होऊन पळायचा. टीसीएलने डोहातलं सगळं मरतं, बेडकाच्या पिल्लापासून खेकड्यापर्यंत.

वाटेत एक ओढा लागला. उन्हाची एक तिरीप थेट तळापर्यंत गेलेली. मावशींनी थोरलीला पालथं झोपायला लावलं, तोंड पाण्यापासून वीतभर. "हलू नको. दगड बघ, मासा बघू नको." दोन मिनिटं काहीच नाही. मग दगडाचाच एक तुकडा सरकला. मळ्या होता तो, बोटभर लांबीचा, काळपट, आणि धारेत तोंड घालून जागच्या जागी चिकटून राहिलेला. त्याच्या हनुवटीखाली वाटीसारखी एक चकती असते, तिने तो दगड धरून ठेवतो. पाणी त्याच्यावरून खळाळत होतं आणि तो तसूभरही मागे सरकत नव्हता. माझी मुलगी, जी घरात पाच मिनिटं एका जागी बसत नाही, ती वीस मिनिटं तशी पडून होती.

धाकट्याने साहजिकच विचारलं, इथे गळ टाकायचा का? नाही, हे अभयारण्य आहे. २०१३ साली ताम्हिणी अभयारण्य जाहीर झालं, जवळपास पन्नास चौरस किलोमीटरचं, पुणे आणि रायगड दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. इथे गळ पिशवीतून बाहेर काढायचा नसतो. राखीव जंगलातही विनापरवाना मासे धरणं आणि पाण्यात विष कालवणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. सकाळी जे केलं ते दुपारी करायचं नाही, कारण दोन ठिकाणी दोन नियम, हे नऊ वर्षांच्या मुलाला नीट कळलं. सांगणारं कोणी असलं की मुलांना कळतं. पण जे पुण्या-मुंबईहून नव्याने येतात, त्यांना तळं कुठे संपतं, अभयारण्य कुठे सुरू होतं, खासगी रान कोणतं आणि वनखात्याचं कोणतं, हे कळायला मार्ग नाही. ते दिसेल त्या पाण्यात उतरतात.

आम्हीही उतरलो होतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, जुलैतली. ते ठिकाण मी सांगत नाही. ओढा गुडघाभरही नव्हता. ऊन पडलं होतं, आम्ही दगडावर डबा उघडून बसलो होतो आणि मुलं पाण्यात खेळत होती. पलीकडच्या काठाने डोक्यावर मोळी घेऊन एक कातकरी बाई चालली होती. ती थांबली, पाण्याकडे पाहिलं आणि मोळी तिथेच टाकून ओरडली, "ताई, पोरांना काढा! पाणी येतंय!" मला काहीच दिसत नव्हतं. तिच्या आवाजाने मी मुलांना ओढलं आणि वर चढले. डबा, चपला, पिशवी तिथेच राहिली. आम्ही वर पोचलो आणि लाल लोंढा आला. ज्या दगडावर बसलो होतो तो दिसेनासा झाला. वर पठारावर पाऊस पडत असतो आणि खाली ऊन असतं, हे मी मुळशीची असून विसरले होते.

नंतर मी तिला विचारलं, तुम्हाला कळलं कसं? ती म्हणाली, पाणी आधी पाचोळा आणतं. स्वच्छ पाण्यावर सुकी पानं, काटक्या अशा येऊ लागल्या की वर कुठेतरी काठ धुतला गेला. मग पाण्याचा रंग ताकासारखा होतो. मग आवाज बदलतो, खळखळ थांबून घुमायला लागतं. आवाज बदलल्यावर उठलं तर उशीर झालेला असतो. ह्या तीन खुणा मी तेव्हापासून भेटेल त्या प्रत्येक आई-बापाला सांगते आहे. ज्या बाईने माझी मुलं वाचवली, तिने त्या बदल्यात काही घेतलं नाही. मोळी उचलली आणि गेली.

३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणापाशी एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ते चित्रीकरण सगळ्यांनी पाहिलं. मी ते पुरतं पाहू शकले नाही. त्यानंतर जुलैमध्ये आपल्या जिल्ह्यात मावळ, मुळशी आणि इतर तालुक्यांतल्या धबधब्यांवर मनाई आदेश निघाले, ताम्हिणीही त्यांत होती. तो आदेश योग्य होता. त्याच महिन्यात, २५ जुलैला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्यात सबंध पावसाळ्यात जेवढा पडतो त्याच्या जवळपास एका दिवसात. त्या पाण्यापुढे कोणाचंही पोहणं कामाचं नाही. जुलै-ऑगस्टात लेकरं घेऊन धबधब्याखाली जाऊ नये, हे मी माझ्या अनुभवावरून म्हणते, आणि बंदीच्या बाजूने उभी राहते.

पण बंदी फक्त कुठे जायचं नाही ते सांगते. कुठे जायचं, कधी जायचं, कोणाबरोबर जायचं, हे तिच्यात नसतं. शहरातली मुलं एकेका मोठ्या संकुलात वाढतात, त्यांना वाहतं पाणी फक्त काचेतून दिसतं. मग वयाच्या विसाव्या वर्षी मित्रांबरोबर मोटारसायकलवर ती घाटात येतात आणि पहिल्यांदाच वाहत्या पाण्यात पाय घालतात. त्यांना तेव्हा रोखण्यापेक्षा नवव्या वर्षी शिकवणं जास्त उपयोगाचं आहे. आणि शिकवणारी माणसं इथे आहेत. त्या मावशी आहेत, मोळीवाली बाई आहे, निव्या-पिंपरीची, हिरडीची वाट रोज तुडवणारी पोरं आहेत. त्यांतली काही आजही पर्यटकांबरोबर वाटाड्या म्हणून जातात, आपापल्या हिमतीवर.

म्हणून मागणं असं. ताम्हिणी, निवे, पिंपरी, डोंगरवाडी ह्या गावांतून बायका-पुरुष निवडावेत, कातकरी वस्तीतून आधी. त्यांना प्रथमोपचार आणि दोरखंडाचं शिक्षण द्यावं, ओळखपत्र द्यावं, दिवसाची मजुरी ठरवून द्यावी, आणि ऑक्टोबर ते मे ह्या कोरड्या महिन्यांत मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाने अभयारण्यात त्यांच्यापैकी एकाला बरोबर घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये असा नियम करावा. दुसरं, अभयारण्याच्या बाहेर, तळ्याच्या काठावर, जिथे उतार हळू आहे अशी एखादी जागा गावाच्या आणि ज्यांचा तिथल्या पाण्यावर हक्क आहे त्यांच्या संमतीने गळासाठी ठरवून द्यावी. फक्त गळ, जाळं नाही. काठावर फुगवलेली ट्यूब आणि लांब दोर टांगलेला असावा. मुंबईत पवई तलावावर गळवाल्यांची संघटना कित्येक वर्षं नियम घालून मासे धरते आहे, तेव्हा हे काही न होण्यासारखं नाही. चिलापी हवी तेवढी न्या म्हणावं, देशी मासा लागला तर ओल्या हाताने गळ काढून परत सोडा.

आता जे सगळ्यात मनापासून सांगायचं आहे ते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडतो, ओढ्यांना गढूळ पाणी येतं, ते तळ्यात मिसळतं, आणि त्या नव्या पाण्याच्या वासावर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. तळ्यातून ओढ्यात, ओढ्यातून नाल्यात, नाल्यातून थेट भाताच्या खाचरात. हे चढणीचे मासे, कोकणात वलगणीचे म्हणतात. गाभोळीने पोट फुगलेल्या माद्या वीतभर पाण्यात, गवतात, गोट्यांत अंडी घालायला आलेल्या असतात. त्या रात्री वाडीतली माणसं बॅटऱ्या घेऊन निघायची. अण्णाही जायचे. घरच्या कालवणापुरते आणायचे, कारण वाडी पाच घरांची होती आणि ओढे वीस होते.

आज त्या रात्री शहरातून गाड्या येतात. ओढ्याच्या तोंडाशी आडवं जाळं लावलं की वर एक मासा जात नाही. हौस म्हणून येतात, पोती भरून नेतात. पुण्याच्या अभ्यासकांनी २००३ साली करंट सायन्स या नियतकालिकात इथल्या नद्यांतल्या माशांच्या जुन्या नोंदी नव्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हाच देशी जाती घटत चालल्याचं दिसत होतं. परके मासे, घाण पाणी, वाढती मासेमारी, कारणं बरीच आहेत. त्यांतलं हे एक असं आहे की तीन महिने हात आवरला तर लगेच थांबतं.

ह्यात एक भेद मात्र करावा लागेल. कातकऱ्याच्या चुलीवरचं कालवण आणि गाडीच्या डिकीतलं पोतं एका तागडीत घालू नये. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतले मासे हा जंगलात राहणाऱ्यांचा सामूहिक हक्क म्हणून लिहिलेला आहे, आणि त्या हक्काचे दावे ज्या जिल्हास्तरीय समितीपुढे येतात तिचे अध्यक्ष आपणच असता. म्हणून हे पत्र आपल्या नावाने. ओढे राखायचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही त्या वस्त्यांकडे दिली, तर बाहेरच्या जाळ्याला अडवायला रात्री तिथे कोण उभं राहील हा प्रश्न उरत नाही. ते आधीच तिथे आहेत.

आपल्याकडे डोह राखायची रीत नवी नाही. रायगडात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा तो डोह, आणि त्यातल्या महाशीरांना कोणी हात लावत नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि हातभर मासे वर येतात. तिथे पहारेकरी नाही. ताम्हिणीतही विंझाई देवी आहे, आणि देवीच्या नावाने राखलेल्या रानाला हात न लावणं इथल्या माणसाला नव्याने शिकवावं लागत नाही. गावकऱ्यांनी आपणहून दोन-तीन ओढे ठरवावेत, जूनपासून ऑगस्टअखेर तिथे चढणीचा मासा कोणी धरणार नाही असं ग्रामसभेत ठरावं, आणि त्या ठरावाला आपल्या सहीचं बळ असावं, एवढंच हवं आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीराची पिल्लं तयार होतात. पिल्लं सोडता येतात, पण त्यांना वर चढायला ओढा मोकळा लागतो.

त्या रविवारी परतताना मावशींना ठरलेले पैसे देऊ लागले तर त्यांनी त्यातले शंभर धाकट्याच्या हातात ठेवले, अंगठ्याला काटा लागला म्हणून. अण्णांनी गाडीत बसण्याआधी त्यांना विचारलं, हिरडीच्या अंगाचा तो मोठा डोह अजून आहे का, त्यात खडशी असायचा. त्या म्हणाल्या, डोह आहे. खडशी दोन वर्षांत पाहिला नाही, पण म्हातारा आहे एक आत, आवाज येतो कधीकधी.

पावसाळा लागायला अजून थोडे महिने आहेत. मेच्या आत ग्रामसभा होऊ शकते. आपण एखाद्या दिवशी निव्याला येणार असाल तर अण्णा वाट दाखवायला येतील. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण त्या डोहापर्यंत चालतात. मावशींनाही सांगून ठेवते.

आपली,
मुळशीची एक माहेरवाशीण
कोथरूड, पुणे